जहाज कोठें बुडतें?

(नभोवाणीवरील भाषण)



वर्धा जिल्ह्यांतील आष्टीपासून समुद्र किती दूर आहे, असें कोणी विचारलें तर नकाशा उघडून मैलांचा हिशेब सांगतां येईल. परंतु आष्टीच्या शिवारांत पडलेल्या पावसाला नकाशाची गरज लागत नाहीं. येथील ओढे-नाले वर्धा नदीला मिळतात. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरींत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. शिवाय सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण बांधलें गेल्यापासून आष्टी तालुक्याच्या कडेलाच एक लहानसा सागर पसरला आहे. त्याला नलदमयंती सागर असें नांवही आहे. जेथें पाणी आहे तेथें नाव आली, आणि नाव आली कीं ती बुडण्याचें भयही आलें. तेव्हां जहाजांच्या सुरक्षिततेचा विषय केवळ कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या माणसांचा नव्हे, हें आरंभींच ध्यानांत घ्यावें.

मला आज जें सांगावयाचें आहे तें एका वाक्यांत मावतें. जहाज पाण्यांत बुडतें हें खरें. परंतु तें तरणार कीं बुडणार, याचा निकाल पुष्कळदां धक्क्यावरच, नांगर उचलण्यापूर्वीं लागलेला असतो. वादळ, लाट किंवा खडक हे त्या निकालाची बजावणी तेवढी करतात.

हें पटण्यासाठीं प्रथम जहाज तरंगतें कसें तें पाहूं. घरांतल्या घंगाळांत पाणी घ्यावें आणि त्यावर पितळेची एक वाटी अलगद सोडावी. पितळ पाण्याच्या आठपटींहून जड, तरी वाटी तरंगते. कारण वाटी आपल्या पोकळ आकारानें जेवढें पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला खालून उचलून धरीत असतो. लोखंडी जहाज तरंगतें तें याच नियमानें. आतां वाटींत एकेक नाणें टाकीत जावें. वाटी हळूहळू खालीं बसते आणि पाण्याबाहेर राहिलेला तिचा कांठ बोटभर, मग अर्धें बोट, मग दोऱ्याएवढा उरतो. स्थिर पाण्यांत ती अजूनही सुखरूप दिसते. परंतु घंगाळाला जरासा धक्का देतांच इवलीशी लाट उठते, कांठावरून आंत शिरते आणि वाटी तळाशीं जाते. ती लाटेनें बुडाली असें आपण म्हणूं. वस्तुतः तिला शेवटच्या चार नाण्यांनीं बुडविलें.

पाण्याबाहेर राहिलेला हा कोरडा कांठ हीच जहाजाची खरी पुंजी होय. बंदरांतील संथ पाण्यांत या पुंजीची किंमत कळत नाहीं. म्हणूनच धक्क्यावर उभा राहिलेला मालक किंवा घाईंत असलेला उतारू, ‘आणखी दहा माणसें आलीं तर काय बिघडतें?’ असें म्हणूं शकतो. त्याच्या डोळ्यांपुढें संथ पाणी असतें. जहाजाला मात्र पुढें खवळलेल्या पाण्यांतून जावयाचें असतें.

दुसरा प्रश्न तोलाचा. भार किती, याइतकेंच तो कोठें ठेवला आहे यालाही महत्त्व आहे. एक उभट पेला पाण्यावर सोडला तर तो आडवा होतो; त्याच्या तळाशीं थोडीं नाणीं ठेवलीं तर तो ताठ उभा राहतो. जहाज एका बाजूस कललें म्हणजे त्या बाजूचा भाग पाण्यांत अधिक शिरतो, तेथें पाण्याचा रेटा वाढतो आणि तो जहाजाला पुन्हां सरळ करूं पाहतो. जहाजाचें वजन खालच्या भागांत असेल तर हा रेटा जिंकतो. तेंच वजन वरच्या मजल्यावर चढलें, तर तें जहाजाला आणखी खालीं ओढूं लागतें आणि रेटा हरतो. आणि जर कांठच ठेंगणा असेल, तर रेट्याला पुरतें जोर करण्यापूर्वींच कांठ पाण्याखालीं जातो.

यांत भर पडते ती आंत आलेल्या पाण्याची. घरांत परातींत दोन बोटें पाणी घेऊन चालून पाहावें. हात किंचित् कलला कीं सगळें पाणी त्याच बाजूस धावतें आणि परात आणखी कलते. जहाजाच्या मजल्यावर पसरलेलें पाणी नेमकें हेंच करतें. आणि भयभीत झालेला जमाव काय करतो? तोही त्या पाण्यासारखाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धांवतो. माणसांची गर्दी हा जहाजावरील सर्वांत चंचल भार आहे.

या सर्व गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, याचें दारुण उदाहरण महाराष्ट्रानें १७ जुलै १९४७ या दिवशीं पाहिलें. स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या चार आठवड्यांवर येऊन ठेपला होता. त्या गुरुवारीं सकाळीं ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ संपत आला होता. सणासाठीं गांवीं निघालेले कुलाबा जिल्ह्यांतील चाकरमाने, व्यापारी, कोळी, बायकामुलें अशी ती भरलेली होती. बोट कांहीं जुनाट नव्हती. १९३६ सालीं ती इंग्लंडांत बांधली गेली होती. प्रवास तरी केवढा? सुमारें दीड तासाचा. परंतु मुंबई बंदराच्या बाहेर पडतांच वारा आणि पाऊस वाढला. काशाच्या खडकाजवळ आल्यावर एका मोठ्या लाटेनें बोटीला कलती केली. उतारू जिवाच्या भयानें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धांवले. पावसाचा मारा चुकविण्यासाठीं बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. त्यांत कित्येक जण अडकले. कांहीं क्षणांत बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें मरण पावलीं.

या अपघातांतील सर्वांत विदारक गोष्ट पुढेंच आहे. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतें. मुंबई डोळ्यांपुढें असून मुंबईला कांहीं कळलें नाहीं. आसपासच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून जेवढे हातीं लागले तेवढे वांचविले. इकडे मुंबईला पहिली वार्ता लागली ती, बोटीवरील एक मुलगा तरंगत्या कड्याच्या आधारानें दुपार उलटल्यावर किनाऱ्याला लागला तेव्हां. सकाळीं बुडालेल्या बोटीची ही कथा! लाट कोणाच्याच हातची नव्हती. पण ताडपत्र्या कोठें बांधाव्या, उतारूंनीं कोठें बसावें, अशा हवेंत निघावें कीं नाहीं, आणि संदेशयंत्र असावें कीं नसावें, या चारही गोष्टी बोट सुटण्यापूर्वीं ठरत होत्या. पुढें चौकशी झाली, नियम कडक झाले. परंतु नियमांची शाई वाळण्यापूर्वीं त्यांची किंमत मोजली गेली होती.

‘रामदास’ ज्या कंपनीची, तिला लोक प्रेमानें ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परक्या कंपन्यांशीं टक्कर देण्यासाठीं स्वदेशीच्या दिवसांत ती उभी राहिली होती आणि संतांचीं नांवें धारण करणाऱ्या तिच्या बोटी कोंकणच्या माणसाला घरच्यासारख्या वाटत. याच कंपनीच्या ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्यें एकाच वादळांत एकाच दिवशीं बुडाल्या होत्या. त्याहून मागें गेलें तर ‘वैतरणा’ आठवते. १८८५ सालीं बांधलेली ही आगबोट विजेच्या दिव्यांनीं उजळलेली असे, म्हणून कच्छ-काठेवाडांत तिला ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं मांडवीहून मुंबईस येतांना सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती सातशेंहून अधिक माणसांसह वादळांत नाहींशी झाली. ना कोणी माणूस परत आला, ना बोटीचा सांगाडा सांपडला. तिचें वय अवघें तीन वर्षांचें होतें. चौकशीमध्यें बोट झगमगीत असली तरी जीव वांचविण्याचीं साधनें तिच्यावर पुरेशीं नव्हतीं, असें दिसून आलें. दिवे विजेचे होते. होड्या आणि तरंगतीं कडीं मात्र कमी होतीं. खर्च कशावर करावयाचा, हा निर्णयही किनाऱ्यावरच झालेला होता.

आतां अशा निर्णयांना कायद्यानें लगाम कसा बसला तें पाहूं. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कित्येक मालक जुनीं जहाजें वाटेल तशीं भरून पाठवीत. जहाज पोहोंचलें तर भाडें मिळे, बुडालें तर विम्याचे पैसे मिळत. खलाशी अशा जहाजांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिम्सॉल नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें याविरुद्ध रान उठविलें. १८७३ सालीं पुस्तक लिहून लोकमत जागें केलें. त्यांतून १८७६ चा कायदा आला व प्रत्येक जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणें सक्तीचें झालें. परंतु त्या कायद्यांत एक मोठें भोंक राहिलें होतें: ती रेषा कोठें काढावी हें मालकानेंच ठरवावयाचें होतें! चोरालाच कुलपाची किल्ली दिल्यासारखा हा प्रकार होता. तें भोंक १८९० च्या कायद्यानें बुजलें आणि रेषेची जागा सरकारी नियमाप्रमाणें ठरूं लागली. पुढें १९३० व १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय करारांनीं ती बहुतेक सर्व देशांच्या जहाजांना लागू झाली.

मुंबई बंदरांत उभ्या असलेल्या कोणत्याही मालवाहू जहाजाच्या मध्यभागीं बाहेरच्या अंगाला पाहिलें तर एक वर्तुळ आणि त्यांतून गेलेली आडवी रेघ दिसेल. शेजारीं लहान लहान आडव्या रेघांची एक शिडी असते. उन्हाळी समुद्रासाठीं एक रेघ, हिवाळ्यासाठीं तिच्याखालीं दुसरी, उष्ण कटिबंधासाठीं तिच्यावर तिसरी. हिवाळ्यांत उत्तरेकडील समुद्र अधिक खवळतो, म्हणून तेव्हां कोरडा कांठ अधिक ठेवावा लागतो. गोड्या पाण्याची रेघ मात्र निराळी. एक लिटर गोडें पाणी एक हजार ग्रॅम भरतें. समुद्राचें खारें पाणी सुमारें एक हजार पंचवीस. त्यामुळें खाऱ्या पाण्याचा रेटा अधिक असतो, आणि तेंच जहाज समुद्रांतून नदींत आलें कीं थोडें खालीं बसतें. वर्धेसारख्या नदीवर किंवा तलावावर नाव चालविणाऱ्यानें यांतून एवढें घ्यावें कीं गोडें पाणी समुद्राहून कमी आधार देतें. तेथें कोरड्या कांठाची काळजी अधिकच घ्यावी.

कायद्याचें अक्षर पाळलें म्हणजे सुरक्षितता आली, असेंही नाहीं. १५ एप्रिल १९१२ रोजीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर सुमारें बावीसशें माणसें होतीं आणि वीस होड्यांत मिळून जागा होती ११७८ जणांपुरती. गंमत अशी कीं त्या काळच्या नियमाहून या होड्या अधिकच होत्या. नियम केला गेला तेव्हां जहाजें लहान होतीं; दहा हजार टनांवरील सर्व जहाजांना एकच माप लावलें होतें, आणि ‘टायटॅनिक’ भरली शेहेचाळीस हजारांवर. जहाजें वाढलीं, नियम वाढला नाहीं. सुमारें पंधराशें माणसें गेल्यावर १९१४ सालीं लंडनला राष्ट्रांनीं एकत्र येऊन समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला करार केला, आणि जहाजावर जेवढीं डोकीं तेवढ्यांना होडींत जागा हें तत्त्व मान्य झालें.

येथपर्यंत भाराची गोष्ट झाली. आतां देखभालीकडे वळूं. कारण कांठ कितीही उंच ठेवला तरी तळ कुजलेला असेल तर त्याचा उपयोग काय? लांकडी जहाजाचे शत्रू दोन. एक, फळ्या पोखरणारा समुद्रांतला किडा. बाहेरून फळी धड दिसते आणि आंतून तिची चाळण झालेली असते. दुसरा, तळाला चिकटणारें शेवाळ व शिंपल्यांसारखे जीव. त्यांनीं तळ खरखरीत होतो आणि जहाजाची गति मंदावते. यावर उपाय म्हणून आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत नावा ओढून घेतात, तळ खरवडतात, फळ्यांच्या सांध्यांत धागे ठोकून त्यांवर तेल-राळेचा लेप देतात, आणि झावळ्यांनीं नावा शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां त्या पाण्यांत उतरतात. लोक या दिवसांना कोळ्यांची विश्रांति समजतात. नाव मात्र याच दिवसांत पुढल्या वर्षाचें आयुष्य मिळविते.

मराठ्यांच्या राज्यकर्त्यांना याची जाणीव होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत आरमारासाठीं सागाचें लांकूड राज्यांतील जंगलांतून परवानगीनें तोडावें, आंबे-फणसांसारखीं रयतेचीं झाडें मात्र तोडूं नयेत, असें बजावलें आहे. पावसाळ्यांत आरमार कोठें व कसें ठेवावें याचाही विचार तेथें आहे. लढाईच्या डावपेंचांइतकीच लांकडाची आणि छावणीची काळजी त्या प्रकरणांत घेतलेली दिसते, ही ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

मुंबईची कीर्तिही या देखभालीनेंच झाली. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्यें मुंबईस आले आणि १७५० सालीं तेथें सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे दरवाजा असलेला दगडी हौद. भरतीला जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजा लावून पाणी काढून टाकावयाचें, आणि उघड्या पडलेल्या तळाची दुरुस्ती करावयाची. वाडियांच्या घराण्यानें पुढें याच मुंबईंत सागवानी लढाऊ जहाजें बांधलीं. साग टिकाऊ खरा. शिवाय त्यांतील तेलामुळें लोखंडी खिळे गंजत नाहींत, ओकच्या लांकडांतील आम्लानें ते खाल्ले जातात. १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरविलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे. दोनशें वर्षें तें टिकलें यांत सागाचा वाटा मोठाच. परंतु वेळोवेळीं त्याची डागडुजी करणाऱ्या हातांचा वाटाही त्याहून कमी नाहीं.

देखभालींत शहाणपणालाही अनुभवाची जोड लागते. किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून १७६१ सालीं इंग्रजांनीं ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडे थांबले, शेवाळही थांबलें. पण तांबें आणि लोखंड खाऱ्या पाण्यांत एकत्र आलें कीं लोखंड झपाट्यानें झिजतें, हें तेव्हां उमगलें नव्हतें. पत्रे शाबूत राहिले आणि खिळे गळून पडूं लागले! आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवितात ते याच नियमाचा उलट उपयोग करून. जस्त आधीं झिजतें आणि पोलाद वांचतें. ठोकळे संपत आले कीं बदलावयाचे, एवढेंच. पण ते पाण्याखालीं असतात. जो पाहील त्यालाच दिसतात. म्हणून मालवाहू जहाजाचा तळ दर पांच वर्षांत निदान दोनदां तपासला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडे नौवहन महासंचालनालय १९४९ सालीं स्थापन झालें, आणि जहाजांची शास्त्रीय तपासणी करून वर्ग ठरविणारी ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था १९७५ पासून मुंबईंत काम करीत आहे.

हें सर्व मोठ्या जहाजांचें झालें, असें कोणी म्हणेल. पण १४ सप्टेंबर २०२१ रोजीं आपल्याच वर्धा नदीवर, वरूड तालुक्यांतील झुंज येथें एक होडी उलटली आणि ११ जणांना जलसमाधि मिळाली. तेथें ना समुद्र होता, ना वादळ. होडी लहान आणि माणसें अधिक, एवढेंच पुरलें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची एक वेगवान होडी, नव्या इंजिनाची चांचणी चालू असतां, येऊन आदळली. १५ माणसें गेलीं. धडक कोणाच्या चुकीनें झाली हा एक प्रश्न. परंतु बोटींत परवान्याहून अधिक माणसें होतीं आणि बहुतेकांच्या अंगांत जीवरक्षक जाकिटें नव्हतीं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर उतारूच्या हातीं नव्हतें. दुसऱ्याचें मात्र धक्क्यावरच देतां आलें असतें.

१९१७ सालचा नदी-तलावांवरील नौकांचा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२१ सालीं नवा कायदा आला आहे. नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधनें यांची व्यवस्था त्यांत आहे. परंतु प्रत्येक घाटावर तपासनीस उभा राहूं शकत नाहीं. तेथें उतारूनें स्वतःच थोडें पाहून घ्यावें. नावेचा कोरडा कांठ वीतभर तरी शिल्लक आहे काय? तळाशीं पाणी साचलेलें आहे काय, आणि तें उपसण्यास कोणी आहे काय? जाकिटें आहेत काय, आणि तीं हातीं लागतील अशीं ठेवलेलीं आहेत कीं गांठ मारून कोंपऱ्यांत टाकलेलीं आहेत? नावेंत बसल्यावर खालीं बसून राहावें. नाव कलली तरी उठून दुसऱ्या बाजूस धांवूं नये, कारण त्यानेंच ती उलटते. मुलांना जाकीट आधीं घालावें, नाव सुटल्यावर नव्हे. आणि कांठ ठेंगणा दिसला, तर पुढच्या खेपेची वाट पाहावी.

पुढची खेप अर्ध्या तासानें येते. तेवढा वेळ घाटावर बसून राहणें ही कांहीं मोठी किंमत नव्हे. आणि मागच्या शंभर-सवाशें वर्षांत ज्यांनीं ती दिली नाहीं, त्यांच्या घरांनीं किती मोठी किंमत दिली हें आपण आतांच ऐकलें.